बादार्चला ऑइल कळतं

आमच्या तालुक्यात कुणाची गाडी कुरकुरायला लागली, की माणूस मेकॅनिककडे जायच्या आधी बादार्चच्या दारात उभा राहायचा. बादार्च काही मेकॅनिक नव्हे, साधा ड्रायव्हर. एकसष्ट वर्षांचा, बुटका, दोन्ही गालांवर थंडीने भाजलेले तांबडे डाग, आणि तोंड उघडलं की समोरच्याची हजेरी घेतल्याशिवाय मिटायचा नाही. पण ऑइल कळावं तर त्यालाच. गाडीवाला डिपस्टिक उपसून त्याच्यापुढे धरायचा. बादार्च अंगठ्यावर एक थेंब घ्यायचा, बोटाने सावकाश चोळायचा, डोळे मिटायचा. मग बोट नाकाशी. मग बराच वेळ लांबच्या डोंगराकडे बघत बसायचा. तोवर गाडीवाला या पायावरून त्या पायावर.

"अजून एक फेरी चालेल," असं तो म्हणाला तर माणूस हसत जायचा. पण "आज काढ. उद्या नको, आज," असं म्हणाला, तर काढलेलंच बरं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची इंजिनं कुठकुठल्या खिंडीत बसली, ते सगळ्यांना तोंडपाठ होतं.

एकदा शहरातून एक जण नवीकोरी जपानी गाडी घेऊन आला. म्हणाला, "काका, ही गाडी स्वतःच सांगते. हा बघा दिवा. लागला नाही म्हणजे ऑइल ठीक आहे."

"तुझी बायको रागावली की तिला दिवा लागतो का रे?" बादार्चने विचारलं.

चहा पीत बसलेली चार माणसं खो खो हसली. तो पोरगा लालेलाल झाला. "नाही लागत ना? तरी कळतं ना तुला घरात पाऊल टाकल्याबरोबर? मग हेही कळायला पाहिजे. आण इकडे ती डिपस्टिक."

काळं झालं म्हणजे ऑइल वाया गेलं, असं समजणाऱ्यांचा तर त्याला मनापासून राग. अरे, काळं होणारच! इंजिनातली सगळी घाण ते आपल्या अंगावर घेतं, म्हणून तर ठेवलंय त्याला. रंग बघू नका, बोटांच्या मध्ये बघा. तिथे ते मऊ राहिलंय का, की पाण्यासारखं सटकतंय? चुरचुरतंय का? पेट्रोलचा वास मारतंय का? थकलेलं ऑइल लपत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या गाडीचा किलोमीटरचा काटा अकरा वर्षांपूर्वीच मेला होता आणि त्याने तो दुरुस्तही केला नव्हता. काट्याला काय कळतं?

त्याची बायको चिमगे त्याला सोडायची नाही. "तीस वर्षं चहा करून देतेय. असा डोळे मिटून कधी वास घेतलास त्याचा?"

"तुझा चहा बिघडतच नाही गं कधी."

"पुरे. आधी हात धू."

हे सगळं तो शिकला सरकारी डेपोत, विशीत असताना. तिथे दाम्दिन नावाचा एक म्हातारा ड्रायव्हर होता. तो बादार्चच्या डोळ्यांवर मफलर बांधायचा आणि पुढ्यात ऑइलच्या वाट्या मांडायचा. एक लोकरीच्या ट्रकची, एक डॉक्टरांच्या जीपची, एक नुसती नवीन. "सांग, कुठली गाडी, किती दमलीय." बादार्च ठोकून द्यायचा आणि डोक्यात टोपीचा फटका बसायचा. "तुला कोण विचारतंय? मी ऑइलला विचारतोय. ते काय म्हणतंय ते सांग!" महिनोन्‌महिने असं चाललं. एका दुपारी मात्र मफलराच्या त्या अंधारात, बोटांच्या मधून, त्याला खरंच काहीतरी म्हटल्यासारखं जाणवलं. त्याने तिन्ही वाट्या ओळखल्या. दाम्दिनने टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला. पुढे डेपो बंद झाला, ट्रक भंगारात गेले, दाम्दिनही गेला. बादार्चने एक जुनी करड्या रंगाची रशियन व्हॅन मिळवली आणि तालुका ते जिल्हा अशी माणसं वाहू लागला. त्या गाडीवर घर चाललं, दोन मुली शिकल्या. आता चिमगे म्हणायची, विकून टाक आणि बस घरात. तो म्हणायचा, घरात बसून काय करू, तुला वंगण घालू?

हिवाळ्यात आमच्याकडे उणे पस्तीस म्हणजे काही विशेष नाही. त्या थंडीत इंजिनातल्या ऑइलचा गोळा होतो आणि सकाळी गाडी मेल्यासारखी पडते. पोरंटोरं खालून शेगड्या पेटवतात, जाळ करतात. बादार्चला ते बघवायचं नाही. तो जुन्या पद्धतीचा. वाटेत ज्या कुणाच्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूघरात, म्हणजे गेरमध्ये, मुक्काम असेल, तिथे पोचल्यावर आधी इंजिनातलं पाणी सोडायचा, मग गरमागरम ऑइल एका अॅल्युमिनियमच्या किटलीत काढायचा. दूध न्यायची, झाकणाची, मोठी किटली. ती उचलून घरात न्यायची आणि चुलीशेजारी ठेवायची. सकाळी कोमट ऑइल परत ओतलं की गाडी एका हाकेत उठते. गाडीचा जीव काढून रात्रीपुरता घरात घ्यायचा, एवढंच.

त्यामुळे हिवाळाभर बादार्च ऑइलच्या शेजारी झोपत आला होता. चुलीतल्या गोवऱ्या विझत आलेल्या, वरच्या झरोक्यात दोन-तीन तारे, आणि हाताच्या अंतरावर ती किटली. झोप लागता लागता त्याला वाटायचं, ते आत हळूच हलतंय, दिवसभराचा रस्ता आठवतंय. कधी त्याच्या स्वप्नात सगळा माळ काळा आणि मऊ व्हायचा, आणि त्यावरून तो चाकांशिवाय, आवाजाशिवाय, दूरवर वाहत जायचा. सकाळी उठून तो बोट बुडवायचा आणि तेव्हाच त्याला खरी जाग यायची.

त्या वर्षी पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला दहा दिवस उरले होते. राजधानीतून डोळ्यांचे डॉक्टर जिल्ह्याच्या दवाखान्यात चार दिवसांसाठी आले होते, आणि चौथ्या दिवशी दुपारी बाराला खांद आजीचं नाव होतं.

खांद आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रस्त्याच्या अर्ध्या वाटेवर तिचं गेर. बादार्च पंचविशीचा असताना बर्फाच्या वादळात तिच्या दारात येऊन पडला होता, आणि तिने त्याला नऊ दिवस खाऊपिऊ घालून ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून शक्यतो मुक्काम तिच्याकडेच. सहा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हळूहळू सगळं दुधाळ झालं. आता ती बादार्चला हॉर्नवरून आणि आवाजावरून ओळखायची. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी शरदात स्पष्ट सांगितलं होतं, या हिवाळ्यात झालं तर झालं. पुढच्या वर्षापर्यंत डोळा इतका पिकेल की हात लावता येणार नाही.

"मरायच्या आधी माझ्या बकऱ्यांची तोंडं एकदा नीट बघायचीत," ती म्हणायची. "कोण लबाड आहे ते तोंडावर दिसतं. आवाज सगळ्यांचे सारखेच."

तर आदल्या संध्याकाळी बादार्च तिला न्यायला आला. ऑइल किटलीत काढून आत आणलं, चुलीशेजारी ठेवलं आणि मटण खायला बसला. खांद आजीने चाचपडत किटलीचं झाकण काढलं आणि आत बोट घालून अंदाज घेतला. आयुष्यभर दूध मोजलेला हात तो.

"चार बोटं कमी आहे रे पोरा."

"असतंच, आजी. थोडं जळतं."

"जवळ जादाचं नाही?"

"कालपर्यंत होतं. मिठाचा एक ट्रक वाटेत अडकला होता, त्याला दिलं."

"बरं केलंस." मग ती स्वतःशीच पुटपुटली, "पण माझ्या दारातून पाहुण्याचं भांडं उणं जायचं म्हणजे..."

हे बादार्चने ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. हाडाला चांगलं मांस होतं आणि तो दमलेला होता. आता यात त्याचीही चूक आहेच, ती काही मी झाकणार नाही. आमच्यात कुणी ताकाचं भांडं पाठवलं, तर ते धुऊन रिकामं परत करणारी बाई अजून जन्माला यायचीय. मूठभर तरी काही घालून द्यायचं. आणि खांद आजी तर ओंजळभर मागितलं तर पोतं देणारी.

पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली. प्रवास चांगला व्हावा म्हणून देवापुढे तुपाचा दिवा लावला, वाटेसाठी कणकेचे बोर्त्सोग तळायला घेतले. बादार्चला जाग आली तेव्हा गेर तुपाच्या वासाने भरून गेलं होतं. त्याने नेहमीसारखं किटलीत बोट बुडवलं, चोळलं. आज ऑइल कसं मवाळ लागलं. वास घेतला, तर तुपाचा. अहो, सगळीकडेच तुपाचा! नमद्याला, अंगातल्या लांब देलला, त्याच्या स्वतःच्या मिशांना. किटली काठोकाठ भरल्यासारखी दिसली. चुलीजवळ होती, फुगलं असेल, त्याने मनात म्हटलं. ज्या माणसाने दुसऱ्या कुणाचं असलं कारण एक क्षणही ऐकून घेतलं नसतं, त्याने स्वतःचं ऐकलं. गाडी पहिल्याच हाकेला उठली. खांद आजीच्या मुलाने शकुन म्हणून चाकांमागे दुधाचा शिंतोडा उडवला आणि ते निघाले. पुढे बादार्च, शेजारी खांद आजी, मागे तिची सून ओयुन. अंतर एकशे अठरा किलोमीटर.

त्या गाडीत इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध असतं, झाकणाखाली. आजी त्यावर हात ठेवून ऊब घेत बसली. बाहेर धुक्यासारखा बर्फाचा चुरा हवेत लटकला होता. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. गाडी चाललीय की एकाच जागी उभी राहून डुलतेय, तेही कळत नव्हतं. आजी पेंगायला लागली.

तीसेक किलोमीटर झाले असतील. तो वास परत आला.

पहिल्यांदा तो फारच गोड वाटला. सणाच्या आदल्या दिवशी आई बोर्त्सोग तळायची, तो वास. बादार्चला दिसलं, आई कढईवर वाकलीय, तिच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, आणि ती म्हणतेय, थांब जरा, भाजशील. किती वर्षांनी दिसली! त्याला वाटलं, असंच चालत राहावं, रस्ता संपूच नये. मागून ओयुनचा आवाज आला तेव्हा तो दचकला.

"काका, काहीतरी तळल्याचा वास येतोय."

"तुझ्या पिशवीतले बोर्त्सोग असतील."

"ते तर गार दगड झालेत."

बादार्चने श्वास आत ओढला. वास झाकणाखालून येत होता. इंजिनातून.

ओयुन पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "काका, सकाळी तुपाचं भांडं अर्धं झालेलं दिसलं मला. मला वाटलं सासूबाईंनी दिव्याला घेतलं. पण दिव्याला एवढं कसं लागेल?"

"किती गेलं?"

"दोन वाट्या असेल."

"दोनच?"

"आमच्या वाट्या मोठ्या असतात," ओयुन खाली बघत म्हणाली.

बादार्चने शेजारी पाहिलं. आजीचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड जरा उघडं होतं, आणि चेहऱ्यावर एखादं पुण्य गुपचूप करून ठेवल्याचं समाधान. त्याला एवढा राग आला की सांगता सोय नाही. म्हातारीचा आला, स्वतःच्या नाकाचा आला, मिठाच्या ट्रकवाल्याचा तर फारच आला. त्याने ओयुनकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

आता काय करायचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ऑइल बिघडलंय हे कळलं की थांबायचं. पस्तीस वर्षं तो हेच सांगत आला होता, ओरडून, शिव्या घालून. पण थांबला, तर या थंडीत अर्ध्या तासात ते तूप आणि ऑइल मिळून इंजिनात थिजणार, आणि मग ते हलायचं नाव नाही. रस्त्यावर दुसरी गाडी आलीच तर संध्याकाळी. डॉक्टर रात्रीच्या विमानाने जाणार. आणि थांबला नाही, तर तूप जळून आत चिकटणार, आणि एकशे अठरापैकी उरलेले पंच्याऐंशी किलोमीटर इंजिन टिकेलच असं नाही. टिकलं तरी नंतर ते इंजिन राहणार नाही. गाडी गेली म्हणजे त्याचं सगळंच गेलं. दुसरी घ्यायचं त्याचं वयही नव्हतं आणि ऐपतही नव्हती. हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने गिअर वरचा टाकला, पाय हलका केला आणि गाडी चालू ठेवली.

पांढऱ्यातून पांढऱ्यात ते चालले होते. बादार्च कान देऊन ऐकत होता. इंजिन आज वेगळंच बोलत होतं, जाड, गुळगुळीत, झोपेत बडबडणाऱ्या माणसासारखं. मधेच त्याला वाटायचं, दाम्दिन मागच्या सीटवर बसलाय, टोपी हातात घेऊन. काय म्हणतंय ते सांग, दाम्दिन विचारत होता. बादार्चने मनातच उत्तर दिलं, चल म्हणतंय. फटका बसला नाही.

"पोरा, आपण सणाला चाललोय का रे?" आजीने डोळे न उघडताच विचारलं.

"हो, आजी."

"वास येतोय."

"हो."

"गाडी काय सुरेख चाललीय आज. आवाज कसा मऊ आहे. मागे केवढी खडखडायची!" ती झोपेतच हसली. "तिलाही काहीतरी चांगलं मिळालं म्हणजे कशी चालते बघ."

ओयुनने तोंडावर रुमाल दाबला. ती हसत होती की रडत होती, तिलाच माहीत. बादार्च म्हणाला, "खूश आहे ती आज."

खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास होती, निळी फडकी बांधलेली. एरवी तो तिथे उतरायचाच. उतरून तीन फेऱ्या घालून, एक दगड ठेवून मग पुढे. आज त्याने गाडी न थांबवता तीनदा हॉर्न वाजवला. माफ कर, त्याने त्या डोंगराला म्हटलं, खरंच मोठ्याने म्हटलं. आज माझ्या हातात नाही.

जिल्ह्याचं गाव वीस किलोमीटरवर आलं आणि टकटक सुरू झाली. आधी मधून मधून. मग दर चढाला. मग सपाटीवरही. बादार्चने गाणं गुणगुणायला सुरुवात केली, आवाज चढवत चढवत. पण आजीचे कान कुठले फसायला!

"काय वाजतंय रे?"

"टपावरचा डबा सुटलाय."

"मग बांध की उतरून."

"पोचल्यावर बांधतो."

"किती आळशी झालास तू!"

"झालोय खरा," तो म्हणाला. त्याच्या हातांना घाम फुटला होता, उणे चौतीसमध्ये.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत शिरली आणि आतल्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. इंजिन बंद पडलं. तो नुसता उतारावर गाडी ओघळू देत पायऱ्यांपर्यंत गेला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दारात उभी राहून नर्स खांद आजीच्या नावाने ओरडत होती, अगदी शेवटचं ओरडावं तशी. बादार्चने आजीला सीटवरून जवळजवळ उचललंच.

"हळू रे, मी काय पोतं आहे?"

"चला, चला, आजी, नंतर रागवा."

ती आत गेली. दार बंद झालं. बादार्च परत गाडीत येऊन बसला आणि झाकणावर हात ठेवून राहिला. ते अजून गरम होतं. हळूहळू त्याच्या हाताखाली ते गार होत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या मागे राहिलेल्या नर्सने आजीची पट्टी काढली. डोळा छान झाला होता. काळा चष्मा दिला आणि बजावलं: वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आठ दिवस रडायचंही नाही. "रडू कशाला? अठ्ठ्याहत्तर वर्षांत सगळं रडून झालंय," आजी म्हणाली. ओयुन तिला हाताला धरून पुरेवच्या गॅरेजवर घेऊन आली, कारण व्हॅन रात्रीच दोरीने ओढून तिथे नेली होती आणि घरी कसं जायचं ते ठरवायचं होतं. वाटभर आजी थांबत होती. धुराडी बघ, म्हणत होती. त्या कुत्र्याचे कान बघ, त्या बाईचा देल काय निळा आहे, अगं!

पुरेव म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा मेकॅनिक. मनाने वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. त्याने इंजिन खालून उघडलं होतं. तळाच्या ट्रेमध्ये काळ्यात पिवळे गोळे, आणि वर जळक्या खरवडीचा थर. आजूबाजूला पाच-सहा ड्रायव्हर चहाचे पेले घेऊन उभे. सगळे बादार्चच्या रस्त्यावरचे, सगळ्यांनी कधी ना कधी त्याच्या शिव्या खाल्लेल्या. आणि खांद आजी नेमकी तेव्हाच दारात येऊन उभी राहिली.

"तूप!" पुरेव गरजला. "चांगलं साजूक तूप! अरे, बेअरिंग गेलं, क्रँक गेला, हे इंजिन आता दाराला टेकू द्यायला ठेव. कुठल्या अक्कलवंताने केलं हे? नाव सांग मला, त्याचा फोटो लावतो इथे भिंतीवर!"

ड्रायव्हर हसायला लागले. बादार्चने दाराकडे पाहिलं. काळा चष्मा घातलेली आजी तिथे उभी होती, आणि तिचं हसू नुकतंच मावळायला लागलं होतं.

"मीच घातलं," बादार्च म्हणाला.

मग जो हशा उठला, त्याने पत्रा हादरला.

"तू? बादार्च, तू?"

"ऑइल कमी होतं. घाई होती. आजीकडून तूप मागून घेतलं आणि ओतलं. वाटलं, चालेल."

"आणि आम्हाला अक्कल शिकवायचा!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "माझ्या सासऱ्यांना सांगतो आता, तुमचं ऑइल ह्याला दाखवू नका, बोर्त्सोग तळेल त्यात." पुरेव तर पोट धरून टायरवर बसला. बादार्चने मान खाली घातली. त्याचे कान तापून लाल झाले होते. हे आज संध्याकाळपर्यंत तालुक्यात पोचणार आणि तो जिवंत असेपर्यंत पुरणार, हे त्याला कळत होतं. गाडी गेली होती आणि आता नावही गेलं. त्याला ते लागलं, फार लागलं.

खांद आजी ओयुनचा हात सोडून पुढे आली. एकटी, जमिनीकडे बघत, पडलेले नटबोल्ट ओलांडत. त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने चष्मा काढला.

"सासूबाई, नर्सने काय सांगितलंय!"

"थांब गं." तिने बादार्चची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड वर केलं, दाराच्या उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. हशा कमी कमी होत थांबला.

"सहा वर्षं तुझा नुसता आवाजच ऐकला," ती म्हणाली. "हेच तू मला काल सांगितलं असतंस, तर आवाजावरून मी खरं मानलं असतं." तिने त्याचं तोंड जरा आणखी वळवलं. "खोटं बोलताना तू असा दिसतोस होय रे."



आजी त्या माणसांकडे वळली. "तूप माझं. किटलीत घातलंही मीच, ह्याला न विचारता. माझ्या बापाच्या बैलगाडीच्या आसाला तूप घालायचे, मला वाटलं हेही तसंच. वाटेत ह्याला कळलं असणार. ह्याला कळत नाही असं होईल का? कळलं आणि तरी आणलं मला." तिने विचारलं, "किती लांब आणलं रे?"

"पंच्याऐंशी किलोमीटर," ओयुन म्हणाली. पुरेव टायरवरून उठून उभा राहिला. चहाचे पेले कुणी तोंडाला लावले नाहीत.

आजीचा डोळा भरून आला. "रडायचं नाही!" ओयुन ओरडली. आजीने मान वर केली, डोळा टक्क उघडा ठेवला, ओठ घट्ट मिटले आणि पाणी आतल्या आत परत पाठवलं. तिला रडायची बंदी होती. तेव्हा मग बादार्चच रडला, त्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर, बाहीने नाक पुसत, आणि म्हातारी त्याच्याकडे अगदी जवळून, नीट बघत राहिली.